बर्फातले दोघे

मिरज,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. बंदोबस्त संपवून तू घरी पोचलास, हे वहिनींकडून कळलं. पाय सुजलेत म्हणाल्या. आधी मिठाच्या कोमट पाण्यात पाय सोडून बस आणि मग हे वाचायला घे. पत्र लांबणार आहे.

परवा फोनवर सांगायला घेतलं होतं, पण तुझ्या बाजूला वायरलेस खरखरत होता आणि कुणीतरी साहेब हाक मारत होते. हे घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

कराडला वाड्यात मास्तरांकडे शटरवाला टीव्ही होता, आठवतो ना? दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा. आपण मनगटावर बॉलपेनने घड्याळ काढायचो आणि त्यात तोंड घालून रोबोटला हुकूम सोडायचो. शेवटच्या भागात तो पोरगा जीव तोडून 'परत ये' म्हणून ओरडतो आणि रोबोट पहिल्यांदाच त्याचं ऐकत नाही. त्या दुष्ट सम्राटाला कवेत घेऊन थेट उल्केवर जाऊन आदळतो. त्या रात्री तू जेवला नव्हतास. काकूंनी मला विचारलं होतं, 'काय रे, मारामारी केलीत का?' मी खरं सांगितलं तर त्यांना पटेना.

ती मालिका १९६७-६८ची, जपानच्या टोएई कंपनीची. त्याच कंपनीची 'कामेन रायडर कूगा' गेले दोन महिने मी आणि चिरंजीव मिळून बघतोय. एकूण ४९ भाग. रोज जेवणं झाली की एक. शेवटचे चार या आठवड्यात झाले आणि तेव्हापासून माझं डोकं त्यातून बाहेर यायला तयार नाही.

कामेन रायडर म्हणजे मुखवट्याचा मोटारसायकलस्वार. शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराने हे पात्र घडवलं आणि १९७१ साली ते पहिल्यांदा टीव्हीवर आलं. त्या पहिल्या नायकाला त्याच्या शत्रूंनीच पळवून नेऊन, शरीरात फेरफार करून बनवलेलं असतं. म्हणजे ज्या ताकदीने तो लढतो, ती मुळात वैऱ्याची. पुढचे बरेच रायडर या ना त्या रूपात हेच ओझं घेऊन फिरतात. १९८९ नंतर टीव्हीवर बराच खंड पडला, १९९८ साली इशिनोमोरी गेले आणि जानेवारी २००० मध्ये 'कूगा' सुरू झाली. मुख्य लेखक नारुहिसा अराकावा, निर्माते शिगेनोरी ताकातेरा. रविवारी सकाळी लहान मुलांसाठी लागणारा कार्यक्रम. हे लक्षात ठेव, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्यांनी सकाळी आठ वाजता पोरांसमोर ठेवलं होतं.

नायक युसुके गोदाई. हे काम 'जो ओदागिरी' या नटाने केलंय. पुढे तो जपानी सिनेमात मोठा नट झाला, पण इथे अगदी कोवळा पोरगा आहे. गोदाई जगभर भटकणारा, सगळ्यांना हसवणारा, दोन हजार कला येणारा माणूस. तसं कार्डच छापून घेतलंय त्याने. लहानपणी त्याचे वडील, ते कॅमेरामन होते, अफगाणिस्तानात मारले गेले. तेव्हा शाळेतल्या शिक्षकांनी त्याला जवळ घेतलं, अंगठा उंचावून दाखवायला शिकवलं आणि सांगितलं की ही खूण ज्याचं वागणं समाधानाचं आहे त्यालाच शोभते. तेव्हापासून हा गडी सन २००० पर्यंत २००० कला शिकायच्या म्हणून झपाटलेला. दोन हजारावी कला म्हणजे कूगाचं रूप घेणं. एका पुरातन थडग्यातून 'ग्रोंगी' नावाची माणसासारखी जमात जागी होते, त्याच उत्खननात सापडलेला पट्टा हा कमरेला बांधतो आणि तो त्याच्या पोटात शिरतो. बस्स, परतीची वाट बंद.

पण तुला पत्र लिहितोय ते गोदाईसाठी नव्हे. इचिजोसाठी.

काओरू इचिजो हा नागानोचा पोलीस अधिकारी. शिंगो कात्सुरायामाने काय काम केलंय! आपल्याकडे काय आणि बाहेर काय, असल्या कथांत पोलीस म्हणजे सगळं आटोपल्यावर सायरन वाजवत येणारे. इथे तसं नाही. टोकियोत संयुक्त तपास पथक बसतं. फळ्यावर नकाशे, खुनांच्या वेळा, ठिकाणं. पडद्यावरही प्रत्येक प्रसंगाला जागेचं नाव आणि वेळ येते, तुमच्या स्टेशन डायरीतल्या नोंदीसारखी. ग्रोंगी माणसं मारतात ते खेळ म्हणून. प्रत्येकाचा नियम वेगळा, अमुक दिवसांत अमुक इतके बळी. तो नियम काय, हे पोलीस आकडे मांडून, रात्री जागून शोधतात. गोदाई एकटा कधीच पुरा पडला नसता. हत्यारं आणि गोळ्या तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत. एकट्याने मुलगा वाढवणाऱ्या, आणि त्या मुलाला दिलेला शब्द कामापायी सारखा मोडतो. ते बघताना मला वहिनी आणि तुझी धाकटी डोळ्यांसमोर आली.

सुरुवातीला पोलिसांच्या लेखी गोदाईसुद्धा एक अज्ञात प्राणीच असतो, क्रमांक ४. त्याच्यावर गोळ्या झाडतात ते. त्याच्या बाजूने पहिला उभा राहतो तो इचिजो. नियमाला धरून चालणारा, हसू न येणारा माणूस. पोलिसांसाठी बनलेली मोटारसायकल तो या भटक्याच्या हाती सोपवतो. गोदाई शेवटपर्यंत त्याला 'इचिजो-सान' म्हणतो, आपण एखाद्याला मनापासून 'राव' लावावं तसं. खांद्यावर हात टाकणं नाही, गळ्यात पडणं नाही. एकाने फोन केला की दुसरा निघतो, एवढंच.

रूपं बदलण्याची गंमत मुलाला फार आवडली. लाल रूप हाताने लढतं, निळं चपळ, जांभळं तलवारीचं. हिरव्या रूपात कान-डोळे इतके तीक्ष्ण होतात की तो ५० सेकंदांच्या वर ते पेलूच शकत नाही. पोराने घड्याळ लावून मोजलं. ते सगळं छान आहे, पण पुढे सरकतो.

३४ आणि ३५ हे दोन भाग मी मुलाला दाखवायला नको होते असं आधी वाटलं. एक ग्रोंगी एकाच शाळेतल्या अकरावीच्या मुलांना निवडतो, १२ दिवसांत ९०. त्यांच्या मेंदूत बारीक सुई सोडतो, ती चौथ्या दिवशी वाढून जीव घेते. आणि हे तो त्यांना सांगतो, त्या चार दिवसांची भीती बघायला मिळावी म्हणून. एका पोराच्या अंत्यसंस्काराला जमलेली मुलं एकमेकांकडे बघतात, आता कोण म्हणून. हे कळल्यावर गोदाई त्याला गाठतो आणि मारतो. आपल्या ओळखीचा गोदाई नाही तो. गुडघ्यांवर आलेल्या माणसाला ठोसे, पुन्हा ठोसे, मग तलवार, पुन्हा तलवार. ग्रोंगी मरतो. ज्याच्यासाठी आपण दोन दिवस दात खात बसलो होतो ते होतं आणि अंगावर काटा येतो. त्या क्षणी गोदाईला एक काळी आकृती दिसते. पुरातन लेखात तिच्याबद्दल लिहिलेलं असतं की पवित्र झरा आटला की हा भयंकर योद्धा विजेसारखा प्रकटेल आणि सूर्य अंधारात गाडला जाईल. ती आकृती म्हणजे तो स्वतःच.

माझा मुलगा टाळी वाजवायला म्हणून हात वर करून तसाच बसला होता. मग म्हणाला, 'बाबा, जिंकला तरी असं का वाटतंय?' मला उत्तर देता आलं नाही. मला तुझा फोन आठवला होता.

त्या मोर्चाच्या रात्री, दिल्या. हुकूम आला, लाठी चालवावी लागली. तू दोन वाजता फोन केलास आणि म्हणालास, 'संज्या, हात झोपू देत नाहीये.' मी तेव्हा काहीतरी बोललो. कर्तव्य, नाइलाज, तुझी काय चूक, असलं. तू 'हूं' म्हणून फोन ठेवलास. इतकी वर्षं मला ते डाचतंय. तू विचारलंच नव्हतंस की चूक कुणाची. तू हाताबद्दल सांगत होतास.

आता शेवटचे भाग. ग्रोंगींचा सगळ्यांत वरचा, दागुवा. पांढऱ्या कपड्यांतला गोंडस चेहऱ्याचा तरुण. तो कूगाला सहज लोळवतो आणि म्हणतो की आणखी ताकद मिळव, मला आणखी हसव. गोदाई पहिल्या दिवसापासून लढतोय ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू राहावं म्हणून. आणि हा समोर उभा राहून तोच शब्द वापरतो, स्वतःसाठी.

त्याला हरवायचं तर त्या काळ्या रूपात जावं लागणार, आणि त्यात गोदाईचं मन हरवलं तर तोच नवा दागुवा होणार. ४७व्या भागात पाऊस पडतोय आणि गोदाई एकेकाला भेटून निरोप घेतोय. हसत. बालवाडीत शिकवणारी बहीण, कॅफेचे मालक, पुरातन लिपी वाचणारी मैत्रीण सकुराको, जिच्या खोलीत हा नेहमी भिंत चढून खिडकीतून यायचा. आणि इचिजोला तो सांगतो की मी बिघडलो तर माझ्या पट्ट्याला तडा गेलाय तिथे गोळी घाल. मित्राकडे हे मागायचं! आणि इचिजो ऐकून घेतो.

४८वा भाग. जिथे सगळं सुरू झालं तोच नागानोचा डोंगर, पण आता बर्फाने भरलेला. दोघे समोरासमोर उभे. इचिजो म्हणतो की तुला या आडवाटेला आणायला नको होतं, तू आयुष्यभर नुसता भटकत राहायला हवा होतास. मी इथे थांबवून ठेवलं. वर्षभर ज्याने एकदाही मन उघडं केलं नाही, तो माणूस. आणि गोदाई म्हणतो की बरं झालं आलो, तुमची भेट झाली.

दुसऱ्या भागात, जळत्या चर्चमध्ये, गोदाईने पहिल्यांदा मनापासून रूप बदललं होतं तेव्हा याच इचिजोला म्हणाला होता, बघत राहा. इथेही तेच म्हणतो आणि बर्फात चालू लागतो.

पुढची लढाई सांगून कळणार नाही, तरी सांगतो. आधी जाळ, एकमेकांना पेटवून देतात. मग नुसत्या मुठी. पट्टे तुटतात, कवचं जातात, आणि दोघे साध्या माणसांच्या रूपात बर्फात एकमेकांना मारत राहतात. पांढऱ्यावर लाल रक्त. दागुवा हसतोय. गोदाई रडतोय. प्रत्येक ठोसा मारताना, दिल्या, तो रडतोय. वर्षभर मुखवट्याच्या आत काय चाललं असेल ते त्या एका चेहऱ्यावर दिसतं. मुखवट्याच्या रूपात केन्जी तोमिनागा नावाचा कलाकार असायचा, तोंड न दिसता खांद्यावरून, मानेवरून सगळं कळवायचा. पण इथे चेहरा लागतोच. मग दोघेही कोसळतात. मागून घसरत, धडपडत इचिजो येतोय. त्याची ती हाक. बस्स, भाग संपतो.

माझा मुलगा उठून आत गेला आणि भांड्याने पाणी प्यायला. मी बसून राहिलो.

४९व्यात लढाई नाही. तीन महिने झालेत, इचिजो एकेका ओळखीच्या माणसाला भेटतोय आणि सगळे गोदाईबद्दल बोलतायत. तो नाही. अगदी शेवटी कुठल्याशा परदेशी समुद्रकिनारी (हे क्युबात जाऊन चित्रित केलंय) मुलांना चेंडू झेलून दाखवताना दिसतो. हा भाग काहींना संथ वाटेल. मला वाटलं नाही. इतक्या मारानंतर माणसाला एवढं निळं आभाळ बघायला मिळायलाच हवं.

मुलाने मग विचारलं, तो परत घरी का नाही गेला? मी म्हटलं, हात बरा व्हायला वेळ लागत असेल. तो म्हणाला, 'इचिजो जाईल ना त्याला बघायला?' मालिकेत ते दाखवलेलं नाही. मी 'जाईल' म्हटलं.

म्हणून दिल्या, दिवाळीनंतर तुझी रजा मंजूर झाली की सरळ मिरजेला ये. सांगलीचे भडंग आणि दही-कांदा मी बघतो, तू फक्त ये. पहिले दोन भाग, मग ३४-३५, मग ४६ पासून पुढे एका रात्रीत होतील. मधलं मी तोंडी सांगेन. चिरंजीव हिरव्या रूपाचे ५० सेकंद मोजून दाखवणार आहेत, त्याला नाही म्हणू नकोस. आणि त्या रात्री फोनवर तू अर्धवट ठेवलंस ते पुढे सांगावंसं वाटलं तर सांग. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, धाकटीला अनेक आशीर्वाद. पायाला तेल लावून झोप.

तुझाच,
संज्या