महूच्या मावशी

महूच्या आमच्या मावशी नुकत्याच वारल्या. यजमान फौजेत हवालदार होते, ते फार लवकर गेले. फॅमिली पेन्शनसाठी स्वतःला जे खेटे घालावे लागले, ते दुसऱ्या बाईला घालावे लागू नयेत, एवढ्यासाठी त्या शेवटपर्यंत राबल्या.

नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सरकारी डिजिटल सोयीमुळे तो यंत्रावर बोट टेकवून देता येतो. पण फौजेतून येऊन पुन्हा शेतात खपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत! मावशी अशांची बोटं कोमट पाण्याने धुवायच्या, पदराने टिपायच्या आणि पुन्हा यंत्रावर ठेवायच्या. नाहीच जमलं तर रिक्षा करून बँकेत न्यायच्या. भाडं त्यांच्याच बटव्यातून. सैन्याच्या पेन्शनी ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेवर गेल्या तेव्हा साठी उलटलेल्या मावशी भाच्याकडून मोबाइल शिकल्या. चेहरा दाखवूनही दाखला निघतो हे कळल्यावर तर त्या घरोघरी जाऊ लागल्या.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाचा छोटा झेंडा आपण छातीला लावतो, डब्यात पैसे टाकतो. चांगलंच आहे ते. पण इंदूरपासून महू जेमतेम तासाभरावर आहे. मोबाइल सफाईने चालवणाऱ्या आपल्या मुलामुलींनी नोव्हेंबरातला एक रविवार तिथल्या आजोबा-आजींना द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. मावशींची पेन्शनरांची नावं लिहिलेली जुनी वही माझ्याकडे आहे. यंदा पहिल्या रविवारी मी ती घेऊन निघणार आहे.

– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर