ऱ्हाइनची बोटफेरी झाली, की टेकडीही चढा

महोदय,
युरोप सहलीत ऱ्हाइन नदीवरची बोटफेरी बहुतेकदा असतेच. काठचे किल्ले बघून आपले गट पुढच्या शहराकडे निघतात आणि जर्मनीतल्या गायझेनहाइमजवळचा योहानिसबर्गचा द्राक्षमळा राहून जातो. नुकताच तो पाहिला, म्हणून हे पत्र.

बेनेडिक्टाइन साधूंनी ११०० च्या सुमारास या टेकडीवर मठ उभारला. १७२० साली या मळ्याचे तेव्हाचे मालक, फुल्डा शहरातले मठाधिपती, यांनी इथे रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षवाणाची मोठी लागवड केली आणि हा मळा त्याच एका वाणाचा झाला. पन्नासावं अक्षांशवृत्त या मळ्यातून जातं. एवढ्या उत्तरेला द्राक्ष पिकतं, कारण उतार दक्षिणेकडे आहे आणि थंड वारा अडवायला पाठीशी टाउनुसचे डोंगर आहेत.

इथल्या वाड्याच्या अंगणात एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. १७७५ मध्ये फुल्डाहून काढणीची परवानगी घेऊन येणारा स्वार फार उशिरा पोहोचला. तोवर घडांवर बुरशी चढली होती. साधूंनी ते घड टाकून दिले नाहीत, आणि त्यातूनच उशिरा काढणीच्या वाइनची परंपरा सुरू झाली, असं तिथे सांगतात. हाताशी आलेला बाग डोळ्यांदेखत खराब होताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग नक्कीच भिडेल.

१९४२ च्या बॉम्बहल्ल्यात हा वाडा उद्ध्वस्त झाला, तो पुन्हा बांधला गेला. सहल कंपन्यांनी इथे अर्धा दिवस तरी द्यावा. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यात तर हे ठिकाण हवंच. वाइन न घेणाऱ्यांनाही वरून दिसणारं नदीचं खोरं पुरेसं आहे.

– एक वाचक, नाशिक