राउंड्सच्या तुटवड्यावर घरगुती इलाज नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या क्रीडा नेमबाजांना पॉइंट २२ च्या (०.२२ इंच व्यासाच्या) राउंड्स, म्हणजे काडतुसे, वेळेवर आणि झेपेल अशा दरात मिळत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. अलीकडे तिला एक नवे शेपूट फुटले आहे. ‘अमेरिकेत लोक घरी बसून काडतुसे भरतात, मग आपल्याकडे का नको?’ असे पालक विचारतात, आणि मोबाइलवर तसे व्हिडिओ पाहिलेली मुलेही विचारतात. प्रश्न भाबडा असला तरी उत्तर सविस्तर द्यायला हवे, कारण यात एखाद्याचे बोट जाईल, नाहीतर परवाना जाईल आणि पाठोपाठ तुरुंग तरी नशिबी येईल.

आधी कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. तयार काडतूस तर तिच्यात येतेच, पण काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे परदेशी संकेतस्थळावर साध्या हत्याराच्या किमतीत दिसणारे भरणी यंत्र आपल्याकडे खेळाचे साहित्य ठरत नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी झाली आहे. नेमबाजाच्या हातात असतो तो बाळगण्याचा परवाना. तो बनवण्याचा परवाना नव्हे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी पॉइंट २२ पुरते हे जमणारेच नाही. ही रिमफायर गोळी आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मध्यभागी दारू पेटवणारा वेगळा प्रायमर बसवलेला असतो, वापरलेला काढून नवा घालता येतो. पॉइंट २२ मध्ये प्रायमर हा वेगळा भागच नाही. पेट घेणारे मिश्रण कारखान्यात ओले असतानाच पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) पोकळ कडेत, म्हणजे रिममध्ये, गरगर फिरवून पसरवतात. फायरिंग पिन ती कड चेपते तेव्हा गोळी सुटते. एकदा चेपलेली कड पुन्हा सरळ होत नाही, आणि तिच्यात मिश्रण सगळीकडे सारखे पसरवणे घरच्या टेबलावर शक्य नाही. रेंजवर पडलेली रिकामी पुंगळी ही भंगारातली पितळ आहे, आणखी काही नाही.

भरणी चालते ती सेंटरफायर, म्हणजे मध्यभागी प्रायमर असलेल्या, आणि बारा बोअरच्या काडतुसांची. आपल्याकडे क्रीडा प्रकारांत त्यांचा संबंध येतो तो २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल आणि उडत्या चकत्यांवरच्या ट्रॅप-स्कीटमध्ये. परदेशात अनेक खेळाडू पॉइंट ३२ ची वॅडकटर (चपट्या तोंडाच्या गोळीची) काडतुसे स्वतः भरतात हे खरे. पण त्यात चुकते कुठे, हे व्हिडिओत दाखवत नाहीत. या काडतुसात दारू जेमतेम ०.१ ग्रॅमच्या आसपास लागते, आणि पुंगळीत जागा मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. लक्ष विचलित झाले आणि एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली, तरी वरून चटकन कळत नाही. उलट एखादीत दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. आवाज फुसका येतो, आणि घाईत पुढची झाडली की नळी फुगते किंवा फाटते. तिकडे हे करणारे वजनकाटा, मापे आणि प्रत्येक पुंगळी उजेडात तपासण्याची शिस्त पाळतात, आणि तरीही अपघात होतात.

शिवाय ज्यांना भरणी कायद्याने मोकळी आहे, तेही सध्या सुखात नाहीत, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. २०२० मध्ये करोनाच्या काळात अमेरिकेत मागणी एकदम उसळली आणि प्रायमर बाजारातून गायब झाले. ते पुरते सावरण्याआधीच फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले. तोफगोळा ढकलणाऱ्या दारूला, म्हणजे प्रणोदकाला, जे नायट्रोसेल्युलोज लागते, तेच खेळाच्या काडतुसाच्या दारूलाही लागते, आणि कारखाने साहजिकच आधी सैन्याची मागणी पुरवतात. नायट्रोसेल्युलोज येते कापसापासून. सोलापूरकराला हे चटकन समजेल: जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ते लिंटर्स. ज्या सरकीची पेंड आपण म्हशीपुढे टाकतो, तिच्याच अंगावरची ही लव. युरोपातले कारखाने या मालासाठी मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहेत. त्यात १५ सप्टेंबर २०२४ पासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रण आणले. अँटिमनी शिसे कठीण करायला वापरतात आणि तिचे संयुग प्रायमरमध्येही असते. तेव्हा ‘घरी भरू’ म्हटले तरी भरायला आणणार काय?

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये सध्या गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० असे ६० शॉट मोजले जातात. साइटर, म्हणजे आधीचे न मोजले जाणारे चाचणी शॉट, धरून एका सरावाला शंभर राउंड्स सहज जातात. आठवड्याला चार सराव आणि वर्षाचे पन्नास आठवडे धरले, तर एका खेळाडूला २०,००० राउंड्स लागतात. आठवड्यातून दोनदा पन्नास-पन्नास मारणाऱ्या होतकरू मुलालाही ५,००० लागतात, म्हणजे पन्नासाचे शंभर डबे. हे गणित न मांडताच बहुतेक जण संपत आले की डबा-डबा शोधत फिरतात, आणि मिळेल ती गोळी घेतात. नुकसान इथे होते.

५० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि एका वर्तुळापासून पुढचे ८ मिलिमीटरवर. स्पर्धेची गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते. दोन राउंड्सच्या वेगात नुसता १० मीटरचा फरक पडला तरी ५० मीटरवर गोळी सात-साडेसात मिलिमीटर वर किंवा खाली लागते. पोराने श्वास, ट्रिगर, पोझिशन सगळे बरोबर केले आणि तरी जवळजवळ पूर्ण गुण गेला, की तो स्वतःत चूक शोधत बसतो. म्हणून चांगले खेळाडू फक्त ब्रँड पाहत नाहीत, लॉट क्रमांक, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचा क्रमांक, पाहतात. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच रायफलमध्ये अगदी वेगळे वागतात, आणि एका रायफलला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलला मानवेलच असे नाही.

टंचाईत सर्रास होणारी दुसरी चूक म्हणजे हाय व्हेलॉसिटी राउंड्स घेणे. त्या आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुटतात आणि ५० मीटरपर्यंत पोहोचताना त्या वेगाच्या उंबरठ्यावर येतात. तिथे गोळी डळमळते आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका, पसरतो. २५ मीटरच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बनलेल्या पिस्तुलाच्या स्लाइडलाही त्या बऱ्या नाहीत. ब्रँड बदलणे भागच पडले, तर नळी साफ करून नव्या राउंड्सचे पंधरा-वीस शॉट आधी वाया घालवा, मगच झिरो (नेम आणि छिद्र जुळते का ते) तपासा. गोळीवरचे मेण प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, आणि नळीत जुन्या मेणाचा थर असेपर्यंत ग्रुप भटकतो. हे वीस शॉट वाचवायला जाऊन शंभर फुकट घालवणारे पुष्कळ आहेत.

मग करायचे काय? आमचे मत स्पष्ट आहे: सुटी खरेदी थांबवून जिल्ह्याची एकत्र मागणी नोंदवावी. जिल्हा संघटनेने आणि रेंजचालकांनी मिळून प्रत्येक खेळाडूचा बोअर, वर्षाची गरज, परवान्यावर एका वेळी बाळगण्याची आणि वर्षभरात खरेदी करण्याची मर्यादा आणि परवाना संपण्याची तारीख एवढी एका कागदावर घ्यावी. मावळणकर नेमबाजी स्पर्धेचा हंगाम सुरू होण्याच्या पाच-सहा महिने आधी परवानाधारक विक्रेत्याकडे एकाच लॉटची मागणी द्यावी. पाच हजार राउंड्सची पूर्ण पेटी मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी विक्रेता वेगळ्या सुरात बोलतो. पेटी घेण्याआधी त्याच लॉटचा एक-एक डबा आणून तीन-चार रायफलींत दहा-दहाचे ग्रुप टेकू देऊन मारून पाहावेत. आपल्याकडे सोय नसेल तर स्पर्धेसाठी पुण्यात बालेवाडीला जाणाऱ्यांनी तिथेच ही चाचणी उरकावी. अडीचशे किलोमीटर जायचेच आहे.

खरेदी मात्र प्रत्येकाने आपापल्या परवान्यावर करायची आणि नोंदही आपल्याच परवान्यावर. ‘तुझ्या दोनशे दे, माझ्या आल्या की परत करतो’ ही उसनवारी मैत्रीत चालते, कायद्यात नाही. वापराचा हिशेब जुळला नाही की नूतनीकरणाला नेमके तिथेच अडते.

प्रशासनाकडे मागणे एकच. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२० मध्ये नियमांत बदल करून नेमबाजांना सरावासाठी वर्षभरात घेता येणाऱ्या राउंड्सची मर्यादा बरीच वाढवली. पण ती वाढ खेळाडूच्या परवान्यावर नोंदली गेल्याशिवाय विक्रेता जुन्या आकड्यापुढे एकही राउंड देत नाही. शहरात पोलीस आयुक्तालयाने आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाने क्रीडा परवान्यांवरची ही नोंद ठरावीक मुदतीत करून द्यावी, आणि स्वसंरक्षणाच्या अर्जांच्या गठ्ठ्यात हे अर्ज अडकवू नयेत. परवाना आता पाच वर्षांचा असतो. एकदा नीट नोंद झाली की दोन्ही बाजूंची डोकेदुखी जाते.

राज्याच्या पातळीवरही एक गोष्ट होण्यासारखी आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे, आणि या कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आहे. स्पर्धेच्या दर्जाच्या पॉइंट २२ साठी मात्र आपण आजही इंग्लंड आणि जर्मनीकडे पाहतो. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची (झोपून नेमबाजीची) विश्वविजेती झाली, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकले. दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. या खेळाची गोळी महाराष्ट्रात बनावी, असा आग्रह आपल्या खासदारांनी धरायला हरकत नसावी.

असलेला साठा टिकवणे तर आपल्याच हातात आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या राउंड्सचे मेण पाघळते, आणि तापलेल्या दारूने वेग वाढून गोळ्या वर लागू लागतात. कुलूपबंद लोखंडी पेटी घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा. रेंजवर डबा सावलीत असू द्या, त्या दिवशी लागतील तेवढ्याच राउंड्स बाहेर काढा. फ्रिजमध्ये ठेवण्याचा शहाणपणा करू नका. बाहेर काढल्यावर पाणी सुटते. एखादी राउंड उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.

चांगला लॉट सरावात उडवून टाकू नये. एका सामन्याला साइटरसह नव्वद धरले तर हंगामातल्या चार सामन्यांना ३६० लागतात. आठ डबे बाजूला काढून त्यावर लॉट क्रमांक लिहून ठेवावा. रोजच्या सरावाला साधी गोळी चालते. पोझिशन आणि ट्रिगरचे काम तर गोळीशिवायच जास्त चांगले होते: राउंड्सच्या एका सरावामागे दोन ड्राय फायरचे, म्हणजे रिकाम्या बंदुकीचे, सराव ठेवा. फक्त रिमफायर रायफल रिकामी चालवण्यापूर्वी तिची पुस्तिका पाहा. काही बंदुकांत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पडते. अशांत प्लास्टिकची डमी घालावी.

आणि नवख्या मुलांनी पॉइंट २२ ची घाई कशाला करावी? २० जूलपर्यंतच्या शक्तीच्या, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. रोज शंभर शॉट मारले तरी महिन्याला पाचशेचे सहा डबे पुरतात. पेलेट (एअर रायफलचे शिशाचे छर्रे) घेताना डब्यावरचा हेड साइझ, म्हणजे डोक्याचा मिलिमीटरमधला व्यास, पाहा. ४.४९ आणि ४.५० या दोन्हींचा एकेक डबा मारून आपल्या नळीला कोणता बसतो ते ठरवा आणि मग तोच घ्या. कुरिअरने आलेला डबा चेपलेला असेल तर परत करा, कारण आतल्या पेलेटांचे घेर दबलेले असतात आणि त्या पेलेट कुठेही जातात. डब्यात बोटे घालून चिवडण्यापेक्षा थोड्या पेलेट सपाट ताटलीत ओता, वाकड्या लगेच दिसतात. पांढरी भुकटी धरलेल्या पेलेट टाकून द्या. ती शिशाची आहे, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये, जेवणाचाही आणि पेलेटचाही. रेंजची जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. टार्गेटमागच्या पेलेट अडवणाऱ्या ट्रॅपमध्ये साठलेले शिसे घरी वितळवण्याच्या फंदात कोणीही पडू नये. ते भंगार घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याकडे वजनावर द्यावे आणि आलेल्या पैशांतून पुढच्या महिन्याच्या पेलेट आणाव्यात.

आपले,
काही नेमबाज व प्रशिक्षक, सोलापूर