क्वांटमोत्तर एन्क्रिप्शन: मानकाबरोबर निर्णयाची टिपणेही खुली हवीत

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

क्वांटम संगणकापुढेही टिकाव धरतील अशी एन्क्रिप्शनची आणि डिजिटल स्वाक्षरीची पहिली तीन मानके अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केली. ब्राउझर, फोन, सर्व्हर त्यांकडे वळू लागले आहेत आणि भारतातही प्रामुख्याने हीच मानके येतील अशी चिन्हे आहेत. त्यांमागच्या गणिताबद्दल बरेच छापून येते. ती ठरवताना काय उघड केले गेले, काय झाकून राहिले आणि त्यातून भारताने काय घ्यावे, हे मांडण्यासाठी हे पत्र.

काय उघड आणि काय झाकलेले, हा प्रश्न कल्पनेतला नाही. निस्टनेच जून २००६ मध्ये ‘ड्युअल ईसी’ नावाचा यादृच्छिक अंकांचा जनक, म्हणजे गुप्त किल्ल्यांसाठी अंक पुरवणारी पद्धत, प्रमाणित केला होता. त्यात एका गणिती वक्रावरचे दोन ठरावीक बिंदू, पी आणि क्यू, छापून दिले होते. ते कुठून आले हे सांगितले नव्हते. या दोघांमधला गुणक ज्याला ठाऊक असेल त्याला जनकाचे जेमतेम ३२ बाइट हाती लागले तरी पुरतात. कापून टाकलेल्या १६ बिटांसाठी ६५,५३६ शक्यता तपासायच्या, गुणकाने गुणायचे, की जनकाची पुढची अवस्था मिळते आणि त्यानंतरच्या सगळ्या किल्ल्या वाचता येतात. डॅन शुमो आणि नील्स फर्ग्युसन या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००७ साली क्रिप्टो परिषदेत हे उघडपणे दाखवले. तरीही मानक जागच्या जागी राहिले. २०१३ साली स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांनंतर अमेरिकी गुप्तहेर संस्था एनएसएकडे बोटे रोखली गेली, तेव्हा कुठे निस्टने ‘हे वापरू नका’ असे सांगितले. धोका दिसल्यापासून इशारा येईपर्यंत सहा वर्षे गेली आणि तेवढा काळ ते मानक उत्पादनांमध्ये बसत राहिले.

त्यानंतर निस्टच्या सल्लागार समितीने २०१४ च्या अहवालात बजावले की एनएसएचा सल्ला जरूर घ्यावा, पण तो स्वतः पारखण्याची आणि वेळप्रसंगी नाकारण्याची कुवत निस्टकडे असली पाहिजे. क्वांटमोत्तर मानकांसाठी २०१६ अखेरीस जगभरातून प्रस्ताव मागवले गेले ते या पार्श्वभूमीवर. ८२ प्रस्ताव आले, छाननीत ६९ उरले. सगळ्यांची रचना आणि कोड खुला होता, ज्याला जमेल त्याने फोडून दाखवावा. फुटलेही. अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेली ‘रेनबो’ ही स्वाक्षरी-पद्धत २०२२ च्या फेब्रुवारीत वार्ड बॉयलेन्स यांनी साध्या लॅपटॉपवर सुमारे ५३ तासांत मोडली. जुलैअखेर कास्ट्रिक आणि डेक्रू या दोघांनी ‘साइक’ या किल्ली-देवाणघेवाणीच्या पद्धतीची सर्वांत लहान आवृत्ती एका प्रोसेसर-गाभ्यावर तासाभरात उघडली. बातम्यांत याला नामुष्की म्हटले गेले, पण आमच्या मते या प्रक्रियेचे हेच सर्वांत मोठे यश. मानक होण्याआधी कच्चे मडके फुटलेलेच बरे.

निवड झालेल्या ‘कायबर’ या किल्ली-देवाणघेवाणीच्या पद्धतीत, म्हणजे आताच्या एमएल-केईएम मानकात, ड्युअल ईसीसारख्या ठरावीक बिंदूंना जागाच नाही. गणनेतला मोठा आव्यूह (मॅट्रिक्स) प्रत्येक किल्लीसाठी ३२ बाइटच्या नव्या बीजातून शेक-१२८ या फलनाने तयार होतो. ३३२९ हा मूळ अंक का निवडला, हेही कोणीही ताडून पाहू शकतो. तो अविभाज्य आहे, आणि त्यातून एक वजा केला की ३३२८ म्हणजे बरोबर १३ गुणिले २५६ उरतात. त्यामुळे २५६ पदांच्या बहुपदींचा गुणाकार झपाट्याने होतो. प्रत्येक स्थिरांकामागे असे पडताळता येणारे कारण असले, की चोरदरवाज्याची शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही.

पण प्रस्तावाचे मानक होताना काही बदल होतात आणि आमच्या मते खरी नजर तिथे हवी. ऑगस्ट २०२३ च्या मसुद्यात आव्यूहाच्या ओळी आणि स्तंभांचे क्रमांक चुकून उलटे पडले होते. वरवर किरकोळ वाटणारी ही चूक घातक आहे. एका बाजूला मसुद्याबरहुकूम कोड आणि दुसऱ्या बाजूला मूळ कायबरचा, अशी गाठ पडली तर दोघांच्या किल्ल्या जुळत नाहीत आणि त्या पायरीवर एरर येत नाही. या पद्धतीत सांकेतिक मजकूर अमान्य ठरला तरी नकार न देता एक निराळी, यादृच्छिक दिसणारी किल्ली हातात दिली जाते. बिघाड कळतो तो पुढे, जोडणी तुटल्यावर. मग शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. मसुदा ९० दिवस हरकतींसाठी खुला होता, ही चूक दुरुस्त झाली आणि अंतिम मानकाच्या परिशिष्टात तिची नोंदही आहे.

त्याच परिशिष्टातला दुसरा बदल आम्हाला खटकतो. मूळ कायबरमध्ये पाठवणाऱ्याच्या यंत्राने तयार केलेले ३२ यादृच्छिक बाइट आधी हॅश करून, म्हणजे उलटवता न येणाऱ्या क्रियेतून काढून, मगच वापरले जात, म्हणजे जनकाचे कच्चे उत्पादन पलीकडच्याला दिसत नसे. मानकातून ही पायरी काढली. कारण दिले आहे ते असे, की निस्टमान्य जनक वापरणे बंधनकारक असल्याने तिची गरज नाही. पण ड्युअल ईसीसुद्धा एके काळी निस्टमान्यच होता! त्याच्यावरचा हल्ला तर जनकाचे कच्चे बाइट दिसण्यावरच उभा होता. एका हॅशला लागणारा वेळ नगण्य. ही पायरी राहायला हवी होती. निदान बदल आणि त्याचे कारण लेखी आहे, म्हणून त्यावर वाद तरी घालता येतो.

जिथे कारण पुरेसे लेखी नसते तिथे काय होते, याचे उदाहरण कायबर-५१२. कायबरचा हा सर्वांत लहान संच फोडणे एईएस-१२८ ही प्रचलित एन्क्रिप्शन-पद्धत फोडण्याइतके तरी कठीण असावे अशी अट आहे. निस्टच्या अंदाजाने एईएस-१२८ फोडायला २ चा १४३ वा घात इतक्या मूलभूत क्रिया लागतात. गणिततज्ज्ञ डॅनियल बर्नस्टाईन यांचा २०२३ पासूनचा आक्षेप असा, की स्मृतीतून माहिती आणण्याचा खर्च धरताना निस्टने जिथे बेरीज करायची तिथे गुणाकार केला आणि सुरक्षितता फुगवली. निस्टला हे मान्य नाही. बर्नस्टाईन यांचा ‘एनटीआरयू प्राइम’ कायबरचा प्रतिस्पर्धी होता, हेही वाचकाने ध्यानात घ्यावे. तरी त्यांची मूळ मागणी रास्त आहे: हिशेब सगळ्या पायऱ्यांसह छापा आणि एनएसएशी झालेल्या बैठकांच्या नोंदी द्या. त्या नोंदींसाठी त्यांना ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी माहिती-स्वातंत्र्य कायद्याखाली न्यायालयात जावे लागले. खुल्या म्हणवणाऱ्या प्रक्रियेत ही वेळ यायला नको होती. व्यवहारात मार्ग सोपा आहे. ५१२ टाळून एमएल-केईएम-७६८ घ्यावा. निस्टची स्वतःची शिफारसही तीच आहे.

आता भारताकडे वळू. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला आणि काही दिवसांतच मागे घेतला, कारण त्यात नागरिकांनी आपल्या संदेशांची उघड प्रत ९० दिवस जपून ठेवावी असे कलम होते. ते कोणी आणि का घातले, याचा खुलासा जनतेपुढे आला नाही. नोव्हेंबर २०२३ पासून सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची केंद्रीय संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेतून बाहेर आहे. अमेरिकेत निदान न्यायालयाचे दार ठोठावता येते. इथे अर्जच त्या दारापर्यंत पोहोचणे अवघड. म्हणून खुलेपणा मागाहून मागण्याऐवजी आधीच नियमात घातला पाहिजे.

निवड तांत्रिक असली तरी तिचे परिणाम घरोघर पोहोचतील. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये २५६ बाइटची आरएसए स्वाक्षरी असते. एमएल-डीएसए या नव्या स्वाक्षरी-मानकाच्या ६५ क्रमांकाच्या संचाची स्वाक्षरी ३३०९ बाइटची आहे आणि सर्वांत मोठ्या क्यूआरची क्षमता २९५३ बाइट. छायाचित्र राहोच, नुसती स्वाक्षरीसुद्धा मावत नाही. ४४ क्रमांकाचा संच २४२० बाइटचा, म्हणजे बसतो, पण बाकी मजकुराची अडचण करून. फाल्कन-५१२ या दुसऱ्या क्वांटमोत्तर पद्धतीची स्वाक्षरी ६६६ बाइटची, पण ती करताना दशांश-चिन्हाच्या आकडेमोडीतून गुपित गळण्याची भीती असते; कोड फार जपून लिहावा लागतो. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला आकाराची अडचण नाही, पण त्याची विश्वासार्हता दशकानुदशके टिकायला हवी. यातले काय, कुठे आणि का, हे बंद खोलीत ठरू नये.

किल्ली-देवाणघेवाणीत जुनी, प्रचलित एक्स२५५१९ ही पद्धत आणि नवी एमएल-केईएम-७६८ एकत्र वापरणे सक्तीचे करावे, असा आमचा आग्रह आहे. जर्मनीच्या आणि फ्रान्सच्या सुरक्षा संस्था अशा जोडीची शिफारस करतात. एनएसए आपल्या यंत्रणांसाठी ती आवश्यक मानत नाही. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांनी २०१९ मध्ये साइकचा प्रयोग केला तो एक्स२५५१९ च्या जोडीने. साइक पुढे फुटला, पण त्या प्रयोगातले संदेश एक्स२५५१९ मुळे झाकलेले राहिले. या विम्याची किंमत प्रत्येक बाजूला ३२ बाइट.

कार्यालयांतल्या तंत्रज्ञांसाठी एक सूचना. जोडीची सार्वजनिक किल्ली १२१६ बाइटची होते आणि ब्राउझरचा पहिला संदेश बहुधा एका पॅकेटात मावत नाही. तो एकाच पॅकेटात येतो असे गृहीत धरणारे जुने फायरवॉल जोडणी गिळून टाकतात; नव्या ब्राउझरवर संकेतस्थळ लटकते, जुन्यावर उघडते. अशा वेळी नवी पद्धत बंद करण्याचा मोह टाळून फायरवॉलचे फर्मवेअर अद्ययावत करावे.

केंद्र सरकारकडे आमची मागणी नेमकी आहे. कोणतेही क्वांटमोत्तर मानक लागू करण्यापूर्वी मसुदा किमान ९० दिवस हरकतींसाठी खुला ठेवावा. आलेली प्रत्येक हरकत आणि तिचे लेखी उत्तर संकेतस्थळावर टाकावे. मूळ मानकात केलेला प्रत्येक बदल कारणासह परिशिष्टात द्यावा, चाचणीचे नमुने सोबत असावेत, आणि कोणत्या सुरक्षा संस्थेचा सल्ला घेतला व त्यातला कोणता स्वीकारला, हे त्याच परिशिष्टात नोंदवावे.

आपले विश्वासू,
माहिती-सुरक्षा क्षेत्रातील काही अभियंते, पुणे