बंद गाडीतला धूर आणि धूम्रपानाचं स्वातंत्र्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात धूम्रपानबंदीवर सध्या बरीच पत्रं येत आहेत. सरकारने माणसाच्या खासगी सवयीत नाक खुपसू नये, असं काहींचं म्हणणं, तर सिगारेटवरच बंदी आणा, असं काहींचं. धूर जातो कुठे, हा साधा प्रश्न मात्र दोन्हीकडून राहून गेला आहे. स्वतःच्या अंगणात किंवा मोकळ्या माळावर कोणी बिडी ओढत असेल, तर त्याला अडवण्याच्या मी विरोधात आहे. सज्ञान माणसाला आपल्या शरीराचं बरंवाईट ठरवता आलं पाहिजे. पण ज्या बंद जागेतून शेजारच्याला उठून जाता येत नाही, तिथे ओढणारा दुसऱ्याच्याही शरीराचा निर्णय परस्पर घेत असतो. अशी सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे मोटारगाडी.

लहान गाडीच्या आत साधारण 3 घनमीटर हवा मावते. एक सिगारेट जळताना सुमारे 10 मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत सोडते. त्यातले बरेचसे दोन झुरक्यांच्या मधे नुसत्या जळत राहणाऱ्या टोकातून येतात. काचा बंद आहेत आणि हवा बदलत नाही असं धरलं, तर घनमीटरमागे 3,000 मायक्रोग्रॅमहून जास्त कण होतात. अशा कणांसाठी आपल्या देशाचं 24 तासांच्या सरासरीचं मानक 60 आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं 15. सरासरी आणि काही मिनिटांचा धूर यांची थेट तुलना करता येत नाही, हे मान्य. पण फरक किती पटींचा आहे, ते पाहा.

यावर हमखास उत्तर येतं, ‘मी काच खाली करतो.’ काच उघडल्यावर धूर कमी होतो, यात शंका नाही. मात्र चालकाने आपल्या बाजूची काच चार बोटं खाली केली, की त्याला स्वतःच्या तोंडासमोरचा धूर बाहेर जाताना दिसतो आणि तेवढ्यावर त्याचं समाधान होतं. धावत्या गाडीत त्याच फटीतून वारा आतही घुसतो, आत भोवरे तयार होतात आणि धुराचा काही भाग मागच्या सीटकडे लोटला जातो. पाऊस असला की काच वर जाते आणि एसी सुरू होतो. आपल्याकडे एसी बहुतेक वेळा आतलीच हवा फिरवण्यावर ठेवतात. गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं जे बटण असतं, ते हेच. मग तोच धूर थंड होऊन पुन्हापुन्हा नाकाशी येतो. ब्लोअरमागची जाळी धूळ आणि परागकण अडवते. कार्बन मोनॉक्साइड मात्र तिच्यातून सरळ पार होतो. निकोटीन सीटच्या कापडात आणि छताच्या अस्तरात मुरतं. उन्हात उभी केलेली गाडी उघडली की जो कुबट भपका येतो, तो त्याचाच. टांगलेल्या सुगंधी डबीने तो वास झाकला जातो, जात नाही.

मागच्या सीटवर तान्हं मूल असेल, तर ते मिनिटाला तीसच्या वर श्वास घेतं. मोठा माणूस घेतो 12 ते 20. ‘गाडी थांबवा, मी उतरतो’ असं म्हणणं त्याच्या हातात नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2015 पासून खासगी गाडीत 18 वर्षांखालील कोणी असेल, तर धूम्रपान करता येत नाही. काचा किंवा छताची खिडकी उघडी असली तरी बंदी लागूच. फक्त छत पूर्ण उघडं असलेल्या गाडीला सूट आहे. गाडीत एकटा असलेल्या सज्ञान चालकाला हा कायदा हातही लावत नाही. फ्रान्सने त्याच वर्षी जुलैत आणि आयर्लंडने 2016 च्या जानेवारीत असाच नियम केला. यात कोणाचं कोणतं स्वातंत्र्य गेलं, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

टॅक्सीचा प्रश्न वेगळा, कारण तिथे नवा कायदा लागतच नाही. 2003 च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यात सार्वजनिक वाहन हे सार्वजनिक ठिकाणच धरलं आहे. मोपा विमानतळावरून काणकोणला भाडं न्यायचं म्हणजे उभा गोवा कापायचा, अडीच तासांच्या आसपास. पर्यटकाने गाडीत सिगारेट पेटवली, तर चालक पुढच्या भाड्याच्या आणि ‘रेटिंग’च्या भीतीने गप्प बसतो आणि दिवसभर त्याच हवेत बसून गाडी हाकतो. कधी चालकच ओढतो आणि प्रवासी गप्प बसतात. दोन्ही बेकायदा आहे. दंड मात्र जास्तीत जास्त 200 रुपये, तोही क्वचितच कोणी मागतो. शेजारच्या कर्नाटकाने राज्याची दुरुस्ती करून तो 1,000 केला. आपण तर 1997 सालीच, केंद्राच्या कायद्याच्या आधी, धूम्रपान व थुंकण्यावर बंदी घालणारा कायदा केलेलं राज्य. आपल्याला हे अवघड जाऊ नये.

बार आणि रेस्टॉरंटवाल्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे कायदा पाळल्याचं सोंग सर्वांत जास्त चालतं. 30 किंवा अधिक आसनांच्या रेस्टॉरंटला आणि 30 किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलला धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवता येते. 2008 च्या नियमांनुसार तिला चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, दार आपोआप बंद होणारं हवं, हवा थेट इमारतीबाहेर जायला हवी आणि आतला दाब बाकीच्या इमारतीपेक्षा कमी हवा. प्रत्यक्षात बिघडतं ते दारापासून. दार ओढून घेणारा क्लोजर सैल होतो, वेटरच्या हातात ट्रे असतो, म्हणून दाराला सोड्याचा क्रेट लावून ते उघडंच ठेवतात. दुसरी चूक, एसी लावला की हवा बदलली असं समजणं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेर काहीच टाकत नाही. तिसरी खास आपल्या किनाऱ्याची. एक्झॉस्ट पंखा पश्चिमेच्या भिंतीत बसवला, तर जून ते सप्टेंबर वारा त्याच्या तोंडावरच आदळतो आणि पंखा फिरत असूनही धूर आत परततो. तो पूर्वेच्या भिंतीत, निदान वाऱ्याच्या आडोशाला, हवा.

तपासणीला यंत्र लागत नाही. खोलीचं दार बंद करून बाहेरून उंबऱ्याच्या फटीशी पेटती अगरबत्ती धरावी. तिचा धूर फटीतून आत ओढला गेला, तर दाब बरोबर आहे. तो सरळ वर गेला किंवा आपल्या अंगावर आला, तर ती खोली धूम्रपानाच्या कामाची नाही. एवढी चाचणी अन्न व औषध प्रशासनाच्या किंवा आरोग्य खात्याच्या निरीक्षकाने दोन मिनिटांत करावी.

बाहेरच्या ओसरीचंही तसंच. उन्हाळ्यात चारी बाजूंनी वारा लागणारी बारची ओसरी पावसाळ्यात ताडपत्री आणि जाड प्लॅस्टिकचे पडदे सोडून बंद केली जाते. टेबलं तीच, ॲशट्रे तेच, ‘ओपन एअर’ची पाटी तीच. पडदा खाली आला, की त्या जागेला मोकळी म्हणणं खोटं आहे. गिऱ्हाईक तासाभराने उठून जातं, वेटर मात्र आठ-दहा तास तिथेच असतो. बंदीच्या जागी ॲशट्रे, काड्यापेटी किंवा लायटर देण्याचीही नियमात मनाई आहे. दाराशी 60 बाय 30 सेंटिमीटरचा फलक हवा, त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव हवं. ती नावाची ओळ बहुतेक फलकांवर कोरीच असते. तक्रार मिळूनही मालकाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर बसतो, हे फार थोड्या मालकांना ठाऊक आहे.

पोलीस गाड्यांमध्ये डोकावत बसणार का, हा आक्षेप मी हलका मानत नाही. तसं होऊ नये. सीटबेल्टसाठी गाडी थांबवली आणि मागे मूल असताना सिगारेट पेटलेली दिसली, तर चलन द्यावं, इतकंच. निव्वळ सिगारेटच्या संशयावरून गाडी अडवण्याचा अधिकार पोलिसांना नसावा, हेही कायद्यातच लिहावं.

येत्या विधानसभा अधिवेशनात गोव्याने 18 वर्षांखालील मूल असलेल्या खासगी गाडीत धूम्रपानबंदी आणावी, दंड 1,000 करावा आणि पडदे सोडून बंद केलेली ओसरी ही बंद जागाच, अशी व्याख्या नियमांत घालावी. किनारे आणि मोकळी मैदानं या दुरुस्तीतून वगळावीत. तिथल्या थोटकांचा प्रश्न खरा आहे, कारण फिल्टर हा प्लॅस्टिकचाच प्रकार आहे. पण तो कचऱ्याच्या कायद्याने सोडवावा.

आपला,
एक वाचक, फोंडा