काट्यावरची अडुसष्ट अक्षरं

कोल्हापूर,
२ डिसेंबर

प्रिय सुन्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. शिव्या घाल, पण आधी ऐक.

लॅपटॉप उबुंटू लिनक्सच्या २०.०४ आवृत्तीवरून २२.०४ वर नेला. एसएसएचने, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरायच्या सोयीने, बाकीचे सर्व्हर मुकाट उघडले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा तेवढा आत घेईना. ऐन गाळपात! उसाच्या गाड्या मोजणं चालू होतं, पण रोजच्या नोंदी मला ओढता येईनात. मी आधी फायरवॉलला बोल लावला, मग कारखान्याच्या नेटला. पडद्यावरची ओळ काही वाचली नाही. ती सरळ सांगत होती, समोरच्याकडे ओळख पटवायला फक्त ‘एसएसएच-आरएसए’ सही आहे.

हे नावच फसवं आहे बघ. आरएसए किल्लीत खोट नाही. खोट आहे तिच्या सहीसाठी वापरलेल्या शा-१ मध्ये, म्हणजे मजकुराचा छोटा ठसा काढायच्या पद्धतीत. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने आणि गूगलने दोन वेगळ्या पीडीएफचा शा-१ ठसा एकच आणून दाखवला. २०२१ मध्ये ओपनएसएसएच (एसएसएच चालवणारा प्रोग्रॅम) ८.८ ने ती सही आपणहून बंद केली, आणि २२.०४ सोबत येतं ८.९. काट्यावर जुनी लिनक्स, सेंटओएस ६, म्हणजे ओपनएसएसएच ५.३. त्याला नव्या सह्या ठाऊकच नाहीत.

होस्ट-कीची, म्हणजे सर्व्हरच्या किल्लीची, जुनी सही चालवून घ्यायची सेटिंग घातली, तर आता माझीच किल्ली नाकारली. मला वाटलं, किल्लीच जुनी झाली. म्हणून मोठ्या हौसेने नव्या प्रकारची ईडी२५५१९ किल्ली बनवली आणि काट्यावरच्या मामांना फोनवर वाचून दाखवली. अडुसष्ट अक्षरं! “मोठा सी, तीन आकडा, मोठा एन, छोटा झेड...” “झेड का जे, साहेब?” मागे ट्रॅक्टरचा हॉर्न. पाऊण तास गेला. आणि मग कळलं, ५.३ ला ही किल्लीच समजत नाही. ती आली ६.५ मध्ये, २०१४ साली.

शेवटी पब्लिक-कीच्या, म्हणजे माझ्या किल्लीच्या, अल्गोरिदममध्येही ‘+एसएसएच-आरएसए’ जोडलं आणि जुन्याच किल्लीने आत गेलो. दोन्ही ओळी कॉन्फिगमध्ये त्या एका होस्टखालीच ठेवल्यात. नेटवर लोक बिनदिक्कत तारा (*) टाकून सगळ्याच होस्टना लावा म्हणतात. एका गंजलेल्या कडीपायी वाड्याची सगळी दारं कशाला ढिली करायची?

मशीन बदलायचा अर्ज दिलाय. सेंटओएस ६ ला २०२० च्या नोव्हेंबरनंतर अपडेटच नाहीत, हे साहेबांना तिसऱ्यांदा सांगितलं. “हंगाम संपू दे,” म्हणाले. गेल्या हंगामातही हेच म्हणाले होते.

तू रविवारी अपग्रेड करणार म्हणालास ना? आधी तुझ्या त्या जुन्या राउटरमध्ये घुसून बघ, काय बोलतोय ते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या

ता. क. मामांचा आत्ताच फोन आला, “ती अक्षरं खोडू का ठेवू?”