ज्या बायकांची जखम नऊ दिवस उशिरा भरली त्यांच्याबद्दल पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या त्या जुन्या अभ्यासावर पानभर लेख छापलात, नाती चांगली ठेवा, ऐंशीपर्यंत ठणठणीत राहा वगैरे. लेख वाईट नव्हता. पण खाली गुलाबी चौकटीत 'गृहिणींनी हे जरूर करावं' म्हणून टिपा दिल्यात ना, रात्री सगळ्यांनी एकत्र जेवा, जेवताना मोबाईल लांब ठेवा, घरातल्या ज्येष्ठांशी रोज अर्धा तास गप्पा मारा, त्या वाचून हसावं का रडावं कळेना. अर्धा तास? मी सासूबाईंशी रोज चौदा-पंधरा तास गप्पा मारते, आणि त्यातली निम्मी वेळ एकच गप्पा चालू असते.

सासूबाई ८१ च्या आहेत, डिमेन्शियाला (स्मृतिभ्रंशाला) चार वर्षं झाली. कधी मला सून म्हणून ओळखतात, कधी मी त्यांची वहिनी असते. मग विचारतात, "वैनी, दादा आला का?" दादा जाऊन पस्तीस वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं सांगायचे, आई, मामा गेले ना, की त्या अगदी आत्ताच कळल्यासारख्या रडायच्या, दर वेळी नव्यानं. आता मी सांगते, येतायत, एसटी लेट आहे. तेवढ्यावर दहा मिनिटं शांत बसतात.

तर मुद्दा असा, की तुमच्या लेखात एक गोष्ट सुटली. हा अभ्यास १९३८ ला सुरू झाला, त्यात हार्वर्डचे २६८ विद्यार्थी होते आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली ४५६ मुलं, म्हणजे एकूण ७२४, आणि सगळेच्या सगळे पुरुष. पन्नाशीत ज्यांना आपली नाती समाधानाची वाटत होती ते ऐंशीत जास्त तब्येतीनं निघाले, कोलेस्टेरॉलपेक्षा ह्याच गोष्टीवरून ते जास्त नीट कळत होतं, हे तुम्ही छापलंत, बरोबर आहे. पण ती नाती सांभाळत कोण होतं? ह्या अभ्यासाचे चौथे संचालक डॉ. रॉबर्ट वॉल्डिंगर ह्यांनी २०१५ च्या टेड भाषणात स्वतःच सांगितलंय की साधारण दहा वर्षांपूर्वी आम्ही त्या पुरुषांच्या बायकांना विचारलं, तुम्ही पण येता का अभ्यासात, तर बऱ्याच जणी म्हणाल्या, चला, झाली एकदाची वेळ. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं गेली तेवढं विचारायला! हे वाक्य मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले चहा ठेवतेस का. (नंतर त्यांनी स्वतःच ठेवला, उगाच खोटं कशाला बोलू.)

आता दुसरा अभ्यास सांगते, तो तुमच्या पानावर कधी आलेला मला तरी आठवत नाही. अमेरिकेतलीच ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी, जॅनिस किकोल्ट-ग्लेसर म्हणून मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी, १९९५ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी १३ बायका घेतल्या ज्या घरात डिमेन्शियाच्या माणसाचं करत होत्या, आणि तेवढ्याच वयाच्या, तेवढ्याच कमाईच्या घरातल्या दुसऱ्या १३, ज्यांच्यामागे हे नव्हतं. प्रत्येकीच्या हातावर कोपराच्या खाली साडेतीन मिलिमीटरची एक छोटी गोल जखम केली. मग फोटो काढत राहिले आणि जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघत राहिले, आपण गुडघा फुटल्यावर टाकतो तेच, फेस यायचा थांबला की जखम भरली. दुसऱ्या बायकांना सरासरी ३९.३ दिवस लागले. करणाऱ्यांना ४८.७. नऊ दिवस जास्त, तेही शेंगदाण्याहून लहान जखमेला.

१३ म्हणजे थोड्याच बायका, मान्य, माझ्या भाच्यानं लगेच सांगितलं ते. पण मला नाही नवल वाटलं. गेल्या जूनमध्ये कुकरच्या वाफेनं माझं मनगट भाजलं, कारण शिट्टी काढताना मागं दाराची कडी वाजली आणि माझं सगळं लक्ष तिकडं, की ह्या निघाल्या बाहेर. रुपयाएवढं भाजलं असेल. श्रावण संपला तरी ते ओलंच. शुगर तपासली, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले मलम लावा, आणि ताई, ताण घेऊ नका. जसं काय मी बाजारात जाऊन वजन करून घेते.

ह्याच किकोल्ट-ग्लेसर बाईंनी पुढं २००५ मध्ये ४२ नवरा-बायकोंवर असंच केलं, एकदा गोडीगुलाबीनं बोलायला लावलं आणि एकदा ज्यावरून खटके उडतात त्या विषयावर, तर भांडणानंतरच्या जखमा हळू भरल्या, आणि जी जोडपी एकमेकांवर फारच खेकसत होती त्यांच्या तर बाकीच्यांच्या ६० टक्के वेगानं. हे तुमच्या पुरवणीला आवडेल, चौकट करायला सोपं आहे, 'भांडू नका'. पण १९९५ च्या बायका कुठं भांडत होत्या हो? त्या आपल्याच माणसाचं करत होत्या. माझं आणि सासूबाईंचं आज जेवढं जमतं तेवढं गेल्या तीस वर्षांत कधी जमलं नाही, पूर्वी माझ्या भाजीतल्या मिठावरून चुका काढणाऱ्या आता माझा पदर धरून झोपतात. नातं चांगलं आहे, नातं चांगलं आहे म्हणूनच तर मी हलू शकत नाही.

अजून एक. पिट्सबर्गला कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत शेल्डन कोहेन ह्यांनी २७६ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू घातले आणि कोण आजारी पडतंय ते बघितलं, १९९७ ची गोष्ट. आधी प्रत्येकाला विचारलेलं की दोन आठवड्यांतून एकदा तरी बोलता अशी नाती किती प्रकारची, एकूण बारा प्रकार, नवरा-बायको, आईवडील, सासूसासरे (हो, ते पण यादीत आहेत), मुलं, शेजारी, मित्रमैत्रिणी, कामावरचे, देवळातले-मंडळातले असे. किती माणसं ते नाही, किती प्रकारची. ज्यांची एक ते तीनच प्रकारची होती त्यांना सर्दी व्हायचा धोका सहा किंवा जास्त असलेल्यांच्या चौपट निघाला. मी बोटांवर मोजलं. नवरा, सासू, मुलगी फोनवर, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला धरला तर चार. आमची भिशी सव्वा वर्षापूर्वी सुटली, भजनी मंडळ त्याच्या आधी, भिशीतल्या बायका अजून हाक मारतात पण खालून, गेटवरून, वर आलं की सासूबाई घाबरतात म्हणून. शेजारीण जिन्यात भेटते, दोघी घाईत.

माझे दीर पुण्यात असतात, रविवारी व्हिडिओ कॉल करतात. आई फ्रेश दिसतीये, म्हणतात. त्यांचा पण राग नाही, फ्रेश दिसते कारण अकरा वाजता मी अंघोळ घालून, पावडर लावून, खुर्चीत बसवलेलं असतं. आणि ब्युरोची बाई ठेवायची तर बारा तासांचे पैसे म्हणजे ह्यांची निम्मी पेन्शन.

तर विनंती एवढीच की त्या चौकटीत टिपांच्या जागी एकदा हे छापा: आपल्या जिल्ह्यात डिमेन्शियाच्या माणसाला दिवसभर सांभाळणारं केंद्र आहे का, असलं तर कुठं, किती पैसे, ब्युरोच्या बायकांना ह्या आजाराचं काही शिकवलेलं असतं का, मेमरी क्लिनिक कुठल्या वारी असतं. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर मला त्या मेडिकलवाल्याकडून कळला, पेपर मी तीस वर्षं तुमचा घेते. आणि एखाद्या भावानं, दिरानं, नणंदेनं महिन्यातले चार दिवस येऊन राहावं, हे पण 'गृहिणींनी' सोडून दुसऱ्या कोणासाठी तरी असलेल्या चौकटीत छापा. माझे दीर ती पुरवणी वाचतात, कोडं त्याच पानावर असतं.

कळावे,
एक वाचक, सातारा

ता.क. नाव छापू नका, सासूबाईंच्या माहेरी पण तुमचाच पेपर येतो.